सांस्कृतिक सापेक्षतावाद
योग्य-अयोग्य ठरविण्याचे निकष त्या त्या समाजाच्या रूढींतूनच येतात, सर्वांना लागू पडणारा निकष नसतो, असे मानणारी नीतिशास्त्रीय भूमिका. ग्रीक इतिहासकार हिरॉडोटसने नोंदविलेली कथा प्रसिद्ध आहे : मृत पित्याचे मांस खाण्याच्या कल्पनेने ग्रीक हादरले, तसे करणारे कॅलाटिआई लोक मात्र प्रेत जाळण्याच्या नुसत्या उल्लेखाने. विसाव्या शतकात फ्रांट्स बोआस, रूथ बेनेडिक्ट या मानवशास्त्रज्ञांनी वंशश्रेष्ठत्वाच्या दाव्यांविरुद्ध हा विचार उभा केला. हे त्याचे मोठेच श्रेय. १९४७ मध्ये अमेरिकन मानवशास्त्र संघटनेने याच आधारे सार्वत्रिक मानवी हक्कांच्या कल्पनेवर आक्षेप घेतला. परंतु रूढी भिन्न असतात, एवढ्यावरून त्या सारख्याच योग्य ठरत नाहीत. शिवाय प्रचलित रूढीच प्रमाण मानली, तर १९२७ मध्ये अस्पृश्यांना रूढीने मज्जाव असलेल्या महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर चुकीचे आणि त्यांना अडविणारे बरोबर, असे म्हणावे लागते.