कावळा, फांदी आणि सिंथेसायझर

वाशिमची मुलं गटप्रकल्पासाठी संगणकावर ट्रॅक बनवतात, तेव्हा सोबतच्या टिपणात लिहावंसं वाटेल, ‘अ‍ॅसिड हाउस’ भारतानं जगाला दिलं. आपण हे वाक्य तपासू.

१९८२ साली मुंबईत चरणजित सिंग यांनी डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. हाताशी रोलँडची तीन यंत्रं होती: ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३. यातलं शेवटचं मुळात बासगिटारऐवजी साथ देणारं. पण बटणं फिरवली की त्याचा सूर घसरतो, चिरकतो. एचएमव्हीनं काढलेली तबकडी फारशी खपली नाही. १९८७ मध्ये शिकागोच्या फ्यूचर या गटाचा ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ आला. आवाज तसाच!

पण आधी घडलं ते कारण ठरतं का? कावळा बसायला नि फांदी तुटायला एकच गाठ पडते; आम्ही तत्त्वज्ञानवाले याला काकतालीय न्याय म्हणतो. मुंबईची तबकडी शिकागोत पोचल्याचा पुरावा नाही. दोन्हीकडे टीबी-३०३ मात्र होतं. यानं सिंग यांचं मोठेपण कमी होत नाही. त्या यंत्रातून राग काढायचं त्यांनाच सुचलं.

तेव्हा मुलांनो, कोणता आवाज कुठून घेतला, कोणी बसवला, हे टिपणात आधी लिहा. अभिमानाचं वाक्य मागाहून बघू.