पाच पिनांचा करार : मिडी आणि गिटारवादकाचे पाऊल

१/ इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्याचे दोन्ही हात वाद्यात गुंतलेले असतात. वाजवता वाजवता आवाजाचा पोत बदलायचा, तर मोकळा असतो तो फक्त पाय. १९६२ मध्ये माएस्ट्रो फझ-टोन हे पेडल बाजारात आले आणि पुढील दोन दशकांत फझ, कोरस, डिले अशा पेट्यांची रांगच वादकाच्या पायाशी लागली.

२/ अडचण अशी की प्रत्येक पेटीला स्वतःचे बटण. गाण्यातून सोलोकडे वळताना एक पेटी बंद करून दुसऱ्या दोन चालू करायच्या, त्याही क्षणार्धात. १९८० च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये बॉब ब्रॅडशॉ यांनी सर्व पेडल्स एकत्र हाताळणाऱ्या स्विचिंग यंत्रणा बांधण्यास आरंभ केला. परंतु अशी यंत्रणा एकेका वादकासाठी स्वतंत्र घडवावी लागे.

३/ याचे उत्तर आले ते सिंथेसायझरच्या जगातून. तेथे प्रत्येक कंपनीची विद्युत-भाषा वेगळी होती. मूगची वाद्ये एका सप्तकास एक व्होल्ट हे प्रमाण मानत; यामाहा व कॉर्ग यांची पद्धत निराळी. त्यामुळे दोन कंपन्यांची वाद्ये जोडणे हे कटकटीचे काम होते.

४/ १९८१ मध्ये सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ व चेट वूड यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे एका सामाईक भाषेचा प्रस्ताव मांडला. रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी जपानी कंपन्यांना सोबत घेतले. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील नॅम प्रदर्शनात सिक्वेन्शियलचे प्रॉफेट-६०० आणि रोलँडचे ज्युपिटर-६ एका केबलने जोडले गेले. मिडीचे हे पहिले जाहीर दर्शन.

५/ येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मिडीच्या तारेतून ध्वनी वाहत नाही. वाहते ती केवळ आज्ञा. वेग सेकंदाला ३१,२५० बिट, चॅनेल १६. ‘प्रोग्रॅम चेंज’ ही आज्ञा अवघ्या दोन बाइटांची, आणि तिने १२८ पैकी कोणतीही जतन केलेली रचना बोलावता येते.

६/ ही आज्ञा कळफलकावरूनच यावी असे बंधन कोठेही नव्हते. १९८५ च्या सुमारास लेक्सिकॉन पीसीएम ७० व टीसी इलेक्ट्रॉनिक २२९० यांसारखी मिडी जाणणारी इफेक्ट यंत्रे आली. पायाशी असलेल्या फूट कंट्रोलरच्या ‘आउट’मधून केबल पहिल्या यंत्राच्या ‘इन’मध्ये, त्याच्या ‘थ्रू’मधून दुसऱ्याच्या ‘इन’मध्ये. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र चॅनेल दिले, की एका बटणाने सारी मांडणी बदलते.

७/ मिडी क्लॉकने तालही जोडला. एका क्वार्टर नोटमागे २४ स्पंदने जातात. त्यांवरून डिले ड्रम मशीनच्या लयीशी जुळून राहतो.

८/ पुढे पेडल्स लहान झाली आणि पाच पिनांच्या मोठ्या सॉकेटला जागा उरेना. कंपन्यांनी हेडफोनसारखे ३.५ मिमी जॅक बसवले, पण आतील जोडणी प्रत्येकाने आपल्या मनाने केली. टाइप ए आणि टाइप बी दिसायला सारखेच. केबल चुकली की संदेश पोहोचतच नाही. १९८३ मध्ये मिटलेले भांडण पुन्हा डोके वर काढू लागले होते. अखेर २०१८ मध्ये टाइप ए हे अधिकृत प्रमाण ठरले.

९/ मिडी टिकले ते सर्वोत्तम होते म्हणून नव्हे. १२८ पायऱ्यांची मर्यादा उघड होती. २०२० मध्ये मिडी २.० आले तेही त्यासाठीच. ते टिकले, कारण त्याच्या वापरासाठी कोणी स्वामित्वशुल्क मागितले नाही. २०१३ मध्ये स्मिथ व काकेहाशी यांना टेक्निकल ग्रॅमी मिळाला. पण त्यांच्या निर्णयाचे मोल पुरस्कारापेक्षा वापरात अधिक दिसते : आज घेतलेला फूट कंट्रोलर १९८५ च्या यंत्राला आज्ञा देतो आणि ते यंत्र ती पाळते. स्पर्धकांनी भाषा वाटून घेतली, म्हणून वादकाचे जुने यंत्र भंगारात गेले नाही.