डेटा ग्रिड आणि एका थ्रेडचा नियम

डेस्कटॉप प्रोग्रॅममध्ये माहितीचा तक्ता दाखविणाऱ्या डेटा ग्रिडशी काम करताना एक त्रुटी वारंवार आढळते. ज्या थ्रेडने, म्हणजे आज्ञांच्या ज्या स्वतंत्र प्रवाहाने, ग्रिड निर्माण केला त्याखेरीज अन्य थ्रेडने त्यास स्पर्श केला, अशी सूचना येऊन प्रोग्रॅम थांबतो. विंडोज फॉर्म्समध्ये ही सूचना २००५ पासून दिसू लागली. दोष मात्र जुना आहे. त्याचा इतिहास पाहिल्यास निवारणाचा मार्गही स्पष्ट होतो.

१९९३ साली विंडोज एनटीने एकाच प्रोग्रॅममध्ये अनेक थ्रेड चालविण्याची सोय आणली. तथापि प्रत्येक खिडकीचे संदेश तिच्या निर्मात्या थ्रेडच्याच रांगेत जात. २००२ साली आलेले विंडोज फॉर्म्स ह्याच पायावर उभे होते. दुसऱ्या थ्रेडवरून काम सोपविण्यासाठी ‘इन्व्होक’ ही पद्धत त्यात आरंभापासून होती. परंतु नियमभंग झाला तरी तो पकडला जाईलच असे नव्हते. कधी तक्ता अर्धवट रंगे, कधी प्रोग्रॅम गोठून जाई. डॉटनेट २.० ने २००५ मध्ये ह्या भंगाची तपासणी सुरू केली, तीही मूलतः डीबगर जोडलेला असतानाच. म्हणूनच प्रोग्रॅम लिहिणाराकडे दिसणारी त्रुटी वापरणाराकडे मूक राहू शकते.

लॉक वापरून अनेक थ्रेडना मुभा का देऊ नये, असा प्रश्न साहजिक आहे. जावाच्या स्विंगनेही एका थ्रेडचाच नियम स्वीकारला. सन कंपनीतील ग्रॅहम हॅमिल्टन ह्यांनी २००४ मध्ये ह्याची मीमांसा केली. वापरणाराची कृती यंत्रणेच्या तळातून वर येते, प्रोग्रॅमची आज्ञा वरून खाली जाते. दोन्ही प्रवाह तेच लॉक उलट क्रमाने मागतात आणि परस्परांची वाट पाहत अडकून पडतात.

बाइंडिंगमुळे हा दोष ओळखणे अधिक कठीण झाले. पार्श्वभूमीतील थ्रेड केवळ डेटाटेबलमधील एक ओळ बदलतो. ग्रिडचे नावही तेथे नसते. परंतु बदलाची वार्ता त्याच थ्रेडवर निघते व बाइंडिंगसोर्समधून ग्रिडपर्यंत पोहोचते. टेबलाला लॉक लावल्याने थ्रेड बदलत नाही. तपासणीच बंद करणे हा तर उपायच नव्हे; त्याने साक्षीदार जातो, दोष राहतो.

योग्य मार्ग असा : ग्रिडला न जोडलेले टेबल पार्श्वभूमीत भरावे आणि पूर्ण झाल्यावर ग्रिडच्या थ्रेडवर बाइंडिंगसोर्सच्या हवाली करावे. २००५ चा बॅकग्राउंडवर्कर आणि २०१२ चे असिंक-अवेट ह्यांनी हे हस्तांतर सुलभ केले. माहिती सतत बदलत असल्यास बदल साठवून ‘बिगिनइन्व्होक’ने गटागटाने पाठवावेत, ग्रिडचा थ्रेड स्वतः पार्श्वभूमीची वाट पाहत असताना ‘इन्व्होक’ वापरल्यास उपर्युक्त अडकणूक पुन्हा उद्भवते. डब्ल्यूपीएफने २०१२ मध्ये समाईक लॉकच्या अटीवर संग्रह अन्य थ्रेडवरून बदलण्याची मुभा दिली. दृश्याचा अद्ययावतपणा मात्र त्याच्या स्वतःच्या थ्रेडवरच राहिला.

सारांश, बाइंडिंगने माहितीची वाट दृष्टीआड केली. नियम शिथिल केला नाही. म्हणून शोध घेताना ग्रिडला कोणी स्पर्श केला हे विचारण्यापूर्वी, बदलाची वार्ता कोणत्या थ्रेडवर निघाली, हे तपासावे.