समुद्राच्या गाळांतील चामडें

जुन्या कपाटाच्या तळाशीं आजीच्या वेळची एखादी चामड्याची हातपिशवी सांपडली, म्हणजे ती पुन्हां वापरतां येईल काय, हा प्रश्न बहुतेक घरांत केव्हां ना केव्हां निघतो. आज ज्या चामड्याची हकीकत सांगावयाची आहे, तें जवळजवळ १८७ वर्षें समुद्राच्या तळाशीं पडून होतें. आणि तरीहि पुढें त्याच्या हातपिशव्या झाल्या.

इ. स. १७८६ मध्यें 'मेट्टा काटारीना' नांवाचें फ्लेन्सबर्गचें एक लहानसें गलबत, दोरखंडांचा वाख आणि चामडीं भरून, रशियांतील सेंट पीटर्सबर्गहून इटलींतील जिनोव्हाकडे निघालें होतें. वाटेंत त्यानें इंग्लंडांतील प्लिमथच्या खाडींत आसरा घेतला. पण १० डिसेंबरच्या वादळांत तें तेथेंच बुडालें. १९७३ सालीं कांहीं हौशी पाणबुड्यांना गाळांत एक घंटा सांपडली. तिच्यावर गलबताचें नांव होतें, म्हणूनच ओळख पटली. मग चामड्यांचे गठ्ठे वर आले. बाहेरचीं चामडीं कुजलीं होतीं. आंतलीं मात्र लवचिक होतीं. तीं होतीं रेनडिअर हरणाचीं.

हा चमत्कार नव्हे. आपल्याकडे बाभळीच्या सालीनें चामडें कमावतात, तसें रशियांत तें विलो वृक्षाच्या सालीनें कमावीत. नंतर भूर्जवृक्षाची साल बंद भट्टींत तापवून काढलेलें काळसर तेल त्यांत मुरवीत, आणि वरच्या बाजूस आडव्यातिडव्या बारीक रेघा दाबून उठवीत. आपल्या पोथ्यांचें भूर्जपत्र ज्या कुळांतलें, त्याच कुळांतला हा वृक्ष! त्या तेलानें चामड्यास धुरकट सुगंध येई, पाणी त्यांत सहसा शिरत नसे आणि कीडहि लागत नसे. त्यांत भर पडली ती गाळाची. तेथें प्राणवायु पोंचत नसल्यामुळें कुजविणाऱ्या जंतूंचें फारसें चालत नाहीं.

गंमत अशी, कीं अशाच रशियन चामड्यानें बांधलेले इंग्लंडांतील कित्येक ग्रंथ कोरड्या कपाटांत सुरक्षित असतांना सांध्यांवर फाटले. शहरांतील कोळशाच्या धुरांतलें आणि दिव्यांच्या वायूंतलें गंधकाम्ल चामड्यांत मुरतें व त्याची तांबूस भुकटी होऊं लागते. समुद्रानें जें राखलें, तें दिवाणखान्यानें राखलें नाहीं.

वर काढलेलें चामडें सुधारण्याचें काम धीराचें होतें. प्रथम गोड्या पाण्यांत वारंवार धुवून क्षार काढावयाचे, मग सावलींत अगदीं सावकाश वाळवावयाचें, आणि शेवटीं बेताबेतानें तेल देऊन हातानें मऊ करावयाचें. घाई केली, कीं तंतू आंखडून चामड्याचें लांकूड होतें. आपल्याकडे पावसाळ्यांत बुरशी आलेली पिशवी भर उन्हांत टाकून वर खोबरेल चोपडण्याची जी पद्धत आहे, ती नेमकी याच्या उलट. उन्हानें ती तडकते, आणि जास्तीच्या तेलावर बुरशी पुन्हां येते. कोरड्या मऊ फडक्यानें पुसून वाऱ्याच्या जागीं ठेवणें बरें. घरच्या पिशवीला पाण्यांत बुडवूं नये, हेंहि सांगावयास हवें. आंतील अस्तर व डिंक तें सोसत नाहींत.

गलबताच्या अवशेषांवर कॉर्नवॉलच्या ड्यूकचा हक्क होता. तो त्या वेळचे राजपुत्र चार्ल्स यांनीं पाणबुड्यांसाठीं सोडला, आणि चामडें विकून आलेल्या पैशांतून पुढील शोधाचा खर्च भागला. त्याचे जोडे, पाकिटें, पिशव्या झाल्या. व्यवहार म्हणून हें रास्तच होतें. परंतु १९१७ च्या क्रांतीनंतर रशियांतील ती जुनी रीत लोपली. हाताखालीं शिकणारे उमेदवार राहिले नाहींत. सालीचें प्रमाण किती, तेल कितपत तापवावयाचें, हें आतां या चामड्यालाच विचारावें लागतें. म्हणून माझें मत असें, कीं कांहीं चामडीं तरी अखंड राखावींत. पिशवी शिवल्यावर उरलेल्या कातरणांवर रसायनशास्त्रज्ञांची बोळवण करूं नये.