‘चालतंय, पण कसंबसं’ : डिजिटल चित्रकलेचा इतिहास आणि अपुरे चित्र दाखवण्याची सवय



तुमच्यापैकी जे टॅबलेटवर किंवा संगणकावर चित्रे काढतात त्यांच्यासाठी हा पाठ आहे. जे स्वतः काढत नाहीत, पण ज्यांना एखादा मित्र चित्र दाखवून ‘कसं वाटलं?’ असे विचारतो, त्यांच्यासाठीही आहे. डिजिटल चित्रकलेचा सगळा इतिहास येथे सांगता येणार नाही. त्यातील दोनतीन टप्पे घेऊन आपण एकच प्रश्न पाहू: अपुरे काम दुसऱ्याला दाखवल्याने या कलेला काय मिळाले?

१. एक पाटी

एप्रिल १९७३. कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीचे संशोधन केंद्र होते. तेथील अभियंता रिचर्ड शूप याने व्हिडिओ कॅमेऱ्यासमोर एक पाटी धरली आणि ते दृश्य स्वतः बांधलेल्या यंत्रात साठवले. पाटीवर इंग्रजीत जे लिहिले होते त्याचा अर्थ असा: चालतंय, पण कसंबसं.

या यंत्राचे नाव सुपरपेंट. त्याच्या गाभ्याशी होता फ्रेम बफर, म्हणजे पडद्यावरील प्रत्येक ठिपक्याचा रंग लक्षात ठेवणारी स्मृती. थोडा हिशेब करा. आडवे ६४० आणि उभे ४८० ठिपके धरले तर एकूण ३,०७,२०० पिक्सेल होतात. प्रत्येक पिक्सेलला ८ बिट दिले की एका वेळी २५६ रंग वापरता येतात, आणि एका चित्राला सुमारे ३०० किलोबाइट लागतात. आज तुमच्या फोनमधला एक साधा फोटोही याहून मोठा असतो. त्या काळी मात्र एवढी स्मृती केवळ चित्रासाठी राखून ठेवणे ही चैन होती.

याआधी, १९६३ मध्ये, आयव्हन सदरलँड याने एमआयटीत स्केचपॅड ही प्रणाली केली होती. तीत प्रकाश-लेखणीने पडद्यावर रेषा काढता येत. पण रेषा आखणे वेगळे आणि रंग भरणे वेगळे. रंगाने भरलेला पृष्ठभाग हाताळण्याची सोय सुपरपेंटसारख्या यंत्रांनी आणली.

२. चित्रकाराची नजर यंत्रावर पडते

१९७४ मध्ये ॲल्वी रे स्मिथ सुपरपेंटपाशी आला. तो संगणकशास्त्र शिकलेला होता आणि स्वतः चित्रेही काढत असे. यंत्रात प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा यांच्या तीन संख्यांनी ठरतो. यंत्राला हे सोयीचे आहे. पण समजा, तुम्हाला नारिंगीचा तपकिरी करायचा आहे. तपकिरी म्हणजे उजळपणा उतरवलेला नारिंगी. लाल-हिरवा-निळा या हिशेबात तो मिळवायचा तर एकाहून अधिक संख्या योग्य प्रमाणात कमी कराव्या लागतात. रंगवताना कोणताही चित्रकार असा विचार करत नाही. तो म्हणतो, रंग हाच, फक्त थोडा गडद.

स्मिथने त्यावर उपाय काढला. रंग कोणता, तो किती गर्द आणि किती उजळ, अशा तीन प्रश्नांनी रंग निवडायचा, आणि त्याचे लाल-हिरव्या-निळ्यात रूपांतर संगणकाने करायचे. ही पद्धत त्याने १९७८ मध्ये प्रसिद्ध केली. ‘एचएसव्ही’ नावाने ती आजही बहुतेक चित्र-सॉफ्टवेअरमध्ये भेटते.

येथे काय घडले ते लक्षात घ्या. शूपने यंत्र पूर्ण होईपर्यंत झाकून ठेवले नाही. ज्याला रंग कळतो असा माणूस त्यावर बसला. त्याला जे अडले ते दूर करण्याचा मार्ग त्यानेच शोधला.

कंपनीला मात्र यात रस वाटला नाही. कार्यालयातील कामासाठी रंगीत पडद्याची गरज नाही, असे तिचे मत झाले. १९७५ च्या सुरुवातीस स्मिथ तेथून बाहेर पडला आणि न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत पोहोचला. तेथे त्याने आणि एड कॅटमल याने १९७७ मध्ये पिक्सेलच्या तीन संख्यांना चौथी जोडली: हा ठिपका किती अपारदर्शक आहे? हीच ‘अल्फा’ वाहिनी. पुढे हे दोघे पिक्सार या ॲनिमेशन कंपनीच्या संस्थापकांत होते.

३. लेयर आणि दुसऱ्याचा हात

चौथ्या संख्येचे महत्त्व चित्र शिकणाऱ्याला लगेच कळेल. पिक्सेल पारदर्शक होऊ शकतो म्हणूनच एका चित्रावर दुसरे ठेवता येते. १९९० मध्ये बाजारात आलेल्या फोटोशॉपमध्ये १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून लेयर मिळू लागले आणि काम करण्याची रीतच बदलली.

कागदावर शिकताना गुरुजी विद्यार्थ्याचा ब्रश हातात घेऊन चूक थेट चित्रातच सुधारत. शिकायला मिळे, पण आपले चित्र आपले राहिले नाही अशी चुटपुटही लागे. लेयरमुळे मित्र तुमच्या चित्रावर वेगळा थर घेऊन त्यावर सुधारणा रंगवून दाखवू शकतो. डोळा मिटावा तसा तो थर बंद केला की तुमचे मूळ चित्र जसेच्या तसे समोर असते. याला ‘पेंट-ओव्हर’ म्हणतात. सूचना मान्य करायची की नाही, हा निर्णय त्यामुळे तुमच्याकडेच राहतो.

४. क्रिटा: सर्वांसमोर घडलेले साधन

दुसरे उदाहरण क्रिटाचे. हे मुक्त सॉफ्टवेअर तुम्ही फुकट उतरवून घेऊ शकता. त्याची सुरुवात १९९९ च्या सुमारास केडीई प्रकल्पात झाली. आधी दोन नावे बदलली. मग ‘क्रिटा’ हे नाव टिकले. स्वीडिश भाषेत या शब्दाचा अर्थ खडू.

सुरुवातीची अनेक वर्षे हे साधन नेमके कोणासाठी, हेच ठरलेले नव्हते. फोटो सुधारण्यासाठी की चित्र काढण्यासाठी? २०१० मध्ये नेदरलँड्समधील डेव्हेंटर येथे विकासक एकत्र बसले आणि त्यांनी दिशा ठरवली: कोऱ्या पानापासून चित्र रंगवणाऱ्यासाठी. त्यानंतर चित्रकारांच्या तक्रारी हेच कामाचे इंधन ठरले. २०१४ मध्ये लोकवर्गणी काढली तेव्हा पुढे कोणत्या सोयी आधी करायच्या, यावर वर्गणीदारांनी मते दिली. त्याच वर्षी डेव्हिड रेव्हॉय या फ्रेंच चित्रकाराने ‘पेपर अँड कॅरट’ ही चित्रकथा सुरू केली. तो केवळ पूर्ण झालेली पाने देत नाही, तर लेयरसकट मूळ फाइल्सही खुल्या ठेवतो. कोणताही विद्यार्थी त्या उघडून रेषा कोठे आहे आणि छाया कोणत्या थरात आहे, हे पाहू शकतो.

५. आमच्या लॅबमधील एक दुपार

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक ग्राफिक्स शिकवतो. एकदा आमच्या शहरातील कला शाखेची एक विद्यार्थिनी लॅबमध्ये आपले चित्र घेऊन आली. पावसाळी रात्र, बसस्थानक, ओली फरशी, वर ट्यूबलाइट. आमची मुले एका सुरात म्हणाली, ‘भारी!’ ती गप्पच राहिली. मग म्हणाली, “सर, सगळे भारी म्हणतात. पण फरशी ओली वाटत नाही. का ते कळत नाही.”

मागे मेकॅनिकलचा एक मुलगा उभा होता. तो भीतभीत म्हणाला, “ट्यूबचं प्रतिबिंब तुम्ही सावलीसारखं तिरकं काढलंय. ते बरोबर तिच्याखाली, उभ्या रेषेत यायला पाहिजे.” त्याला चित्रकला येत नव्हती, पण त्याने प्रकाशाचे नियम वाचले होते, आणि पावसात बसची वाट पाहिली होती.

दुरुस्ती खरे तर दहा मिनिटांची होती. पण तिने आदल्या रात्रीच सगळे लेयर एकत्र करून टाकले होते आणि जुन्या आवृत्त्या पुसल्या होत्या, कारण ‘अर्धवट काम कोण बघणार?’ सगळी फरशी पुन्हा रंगवावी लागली. दोन दिवस गेले. चित्र मात्र ओले झाले.

६. दाखवावे कसे, पाहावे कसे

अभियंत्यांकडे एक जुनी शिस्त आहे. प्रोग्रॅममधील दोष कळवताना ‘चालत नाही’ एवढेच लिहून भागत नाही. दोष कोठे दिसला, काय दिसला आणि काय अपेक्षित होते, हे तिन्ही लिहावे लागते. चित्रावर मत देतानाही हेच तीन प्रश्न वापरा. ‘छान आहे’ या शब्दांनी मन सुखावते, पण पुढचा ब्रश कोठे टेकवायचा ते कळत नाही. ‘हात चुकलाय’ यापेक्षा ‘कोपर कमरेच्या खाली गेल्यामुळे हात लांब वाटतो’ हे मत उपयोगी आहे.

दाखवणाऱ्यानेही तीन गोष्टी पाळाव्यात. काम अर्ध्यावर असतानाच दाखवा. तेव्हा बदल स्वस्त असतो. सोबत एक नेमका प्रश्न विचारा. आणि टप्प्याटप्प्याच्या प्रती वेगवेगळ्या नावांनी ठेवा.

एक सावधगिरीही हवी. प्रत्येक सूचना मानायची नसते. दहा जणांची मते घालून केलेले चित्र कोणाचेच राहत नाही. सूचनेमुळे जे तुम्हाला स्वतःला दिसू लागते, तेवढेच घ्या.

शूपची पाटी पुन्हा आठवा. त्याने यंत्र बिनचूक असल्याचा दावा केला नाही आणि ते लपवूनही ठेवले नाही. पुढच्या वेळी चित्र दाखवायला संकोच वाटला, तर त्याखाली तेच लिहा: चालतंय, पण कसंबसं. पाहणाऱ्याला बोलण्यासाठी तेवढी जागा पुरते.

स्वाध्याय

१. १९२० × १०८० पिक्सेलच्या चित्रात प्रत्येक पिक्सेलला ३२ बिट दिल्यास किती बाइट लागतील? सुपरपेंटच्या चित्राशी तुलना करा.
२. रंग निवडण्यासाठी लाल-हिरवा-निळा पद्धतीपेक्षा एचएसव्ही पद्धत चित्रकाराला सोपी का वाटते? एक उदाहरण द्या.
३. एखाद्या मित्राचे अपुरे चित्र मागून घ्या. कोठे, काय आणि काय अपेक्षित, या तीन प्रश्नांच्या आधारे पाच ओळींचे मत लिहा आणि ते त्याला वाचून दाखवा.