पर्वत पाटियाची दिवाळी आणि स्वस्तातले कॅमेरे

आपल्याकडच्या दारूकामाचा इतिहास लिहायला कागद बरेच आहेत. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी 1400 ते 1900 या काळातल्या भारतीय दारूकामाचा इतिहास इंग्रजीत लिहून ठेवला, तो 1953 साली प्रसिद्ध झाला. त्यात 1443 च्या सुमारास विजयनगरला आलेला वकील अब्दुर रझ्झाक आहे, एकनाथांच्या 'रुक्मिणी स्वयंवरा'तली आतषबाजी आहे, आणि पेशव्यांच्या बखरीतला तो मजेदार प्रसंगही आहे. कोट्याच्या दिवाळीत दारूची लंका उभी करतात आणि हनुमान शेपटी पेटवून ती जाळतो, असं महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांना सांगितलं. पेशव्यांनी मग तसाच देखावा पर्वतीच्या पायथ्याशी करवला. (पर्वती आणि आपलं पर्वत यांचा संबंध नावाच्या सारखेपणापुरताच, हे आधीच सांगून टाकतो.)

पण ते दिसलं कसं? जुन्या लघुचित्रांत फुलबाज्या आणि बाण आहेत, ते चित्रकाराने आठवून काढलेले. दारूकाम अशी वस्तू की उडाली की संपली. मागे राहतो धूर आणि सकाळी झाडून काढायचा कागदाचा कचरा. तिचं खरं चित्र कॅमेऱ्यानेच दिलं, आणि साध्या घरांना ते फार उशिरा मिळालं. आपल्या भागापुरता हा उशीर किती आणि कसा, ते इथे बघू.

आधी जागा. गुजरातीत 'पाटियुं' म्हणजे फळी, पाटी. मोठ्या रस्त्यावर जिथे गावाच्या नावाची पाटी लागते ती जागा त्या गावाचं 'पाटिया'. मराठीत आपण फाटा म्हणतो तेच. पर्वत पाटिया म्हणजे सुरतहून कडोदऱ्याकडे जाताना पर्वत गावाचा फाटा. 2006 साली सुरत महापालिकेची हद्द 112 चौरस किलोमीटरवरून 326 वर गेली आणि शहर चहूबाजूंनी फुगलं. या बाजूला कापड मार्केटं उभी राहिली, सोसायट्या आल्या, आणि फाटाच गावापेक्षा मोठा झाला. शेजारच्या लिंबायत, गोडादरा, डिंडोलीत धुळे, नंदुरबार, जळगावकडची माणसं लूमवर आणि मार्केटात कामाला. अशा वस्तीची रात्र टिपायला बाहेरून कोण येणार? जे काही उरलंय ते घरातल्या कॅमेऱ्याने काढलेलं.

तो कॅमेरा कोणता? जुन्या घरांत बहुधा आग्फाचा क्लिक थ्री, तो आपल्याच वडोदऱ्याला बनायचा. एका रोलवर बारा चौकोनी फोटो. पण तो उन्हात फोटो काढण्यासाठीचा साधा डबा, रात्री त्याचं काही चालत नसे. पुढे हॉट शॉट आला, फ्लॅश मारला की काम झालं. दिवाळीत मात्र हाच फ्लॅश घात करतो. समोरचा धूर पांढरा उजळतो, भुईचक्राजवळ उभी मुलं चुन्याने रंगवल्यासारखी येतात, आणि मागचं आभाळ काळं ठिक्कर. जुन्या अल्बममधल्या दिवाळीच्या बहुतेक फोटोंत आतषबाजी नाहीच, आतषबाजी बघणारी माणसं आहेत. मला तेही मोलाचं वाटतं, पण ती वेगळी गोष्ट.

खरा बाण फोटोत आला तो 'बी' असलेल्या कॅमेऱ्यामुळे. बी म्हणजे बल्ब. जुन्या कॅमेऱ्यांना रबरी फुगा असे, तो दाबून धरला की शटर उघडं राही. त्यावरून हे अक्षर. रशियन झेनिटवर ही सोय होती आणि तो त्यातल्या त्यात परवडणारा. 100 स्पीडची फिल्म, अ‍ॅपर्चर आठ किंवा अकरा, फोकस अनंतावर, आणि शटर दोन ते चार सेकंद उघडं. ट्रायपॉड नसला तर गच्चीचा कठडा किंवा स्टुलावर विटा. बाण सुटला की बटण दाबायचं, फूल विझलं की सोडायचं. हाताचा धक्का लागू नये म्हणून बटणाला केबल लावायची. बरोबर आलं की नाही, ते रोल धुऊन आल्यावरच कळायचं. सुरतचा बाजार लाभपाचमेपर्यंत सुस्त, त्यामुळे तेवढा धीर धरावा लागे.

आता इतिहासवाल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. फिल्म जपायची म्हणून एक युक्ती सर्रास चालायची. शटर उघडंच ठेवायचं, दोन बाणांच्या मध्ये भिंगापुढे काळा पुठ्ठा धरायचा, पुढचा बाण सुटला की पुठ्ठा बाजूला. एकाच चौकटीत पाच-सहा फुलं. फोटो झकास दिसतो, पण ते आभाळ तसं कधीच भरलेलं नव्हतं. असा फोटो पाहून 'त्या वर्षी केवढी आतषबाजी होती' असं लिहिणं म्हणजे चार दिवसांची डायरी एका दिवसाची समजून वाचणं. ओळखायचं कसं? खालचे रस्त्यावरचे दिवे बघा. ते फुटून पसरलेले असतील, चालणारी माणसं पुसट किंवा गायब असतील, धूर वेगवेगळ्या दिशांना असेल, तर शटर बराच वेळ उघडं होतं.

डिजिटल आल्यावर हे सोपं झालं असं वाटतं, पण पुरतं झालं नाही. पेन्सिल सेलवर चालणारे कॅननचे पॉवरशॉट ए मालिकेतले बरेच कॅमेरे खिशाला परवडणारे होते आणि मॅन्युअलमध्ये पंधरा सेकंदांपर्यंत जायचे. काही कंपन्यांनी तर डायलवर 'फटाके' असा वेगळा मोडच दिला. या फाइलींत तारीख, वेळ, शटर सगळं नोंदलेलं असतं, आपल्याला हवं तेच. फक्त सेल बदलताना घड्याळ शून्यावर जायचं आणि पुष्कळांनी ते परत लावलंच नाही. म्हणून दिवाळीचा फोटो जानेवारीचा दिसतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत ही नोंद उरतच नाही. मूळ फाइलच मागावी.

मोबाइलवरही जमतं. प्रो मोडमध्ये आयएसओ 100, शटर एक ते चार सेकंद, फोन विटेला टेकवून, टायमर दोन सेकंदांचा. ऑटोवर ठेवलात तर फोन काळं आभाळ बघून उजेड वाढवतो आणि लाल-हिरवी फुलं सगळी पांढरी होतात. नाइट मोड अनेक फोटो जोडून एक करतो, त्यात रेषा तुटायची भीती. शक्यतो पहिल्या अर्ध्या तासात काढा, पुढे धूर साचतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2018 मध्ये दिवाळीला रात्री आठ ते दहा ही वेळ ठरवून दिली. त्यानंतरचे फोटो वाचताना त्यांची वेळही तपासून बघण्यासारखी आहे.

एक उणीव मात्र कोणत्याही कॅमेऱ्याने भरत नाही. दिवाळीला लूम थांबतात आणि आपली पुष्कळ माणसं उधना-जळगाव लाइनने गावाकडे जातात. पर्वत पाटियाच्या गच्चीवरून काढलेल्या दिवाळीच्या फोटोत मागच्या चाळीच्या खिडक्या अंधाऱ्या दिसल्या, तर वीज गेली होती असं लगेच समजू नका; घरं बंद असतील. त्या घरांची दिवाळी शिंदखेड्याच्या, अमळनेरच्या अल्बमात सापडेल, आणि इथली त्यांची आतषबाजी गणपतीच्या नाहीतर लग्नाच्या फोटोंत.

रंगीत प्रिंट वर्षांगणिक फिक्या पडतात, आभाळ तांबूस होतं, म्हणून निगेटिव्हच्या पट्ट्या टाकून देऊ नका. मागे पेन्सिलने चार गोष्टी लिहा: साल, कुठली गच्ची, तोंड कुठल्या दिशेला, कॅमेरा कोणता. दिशा सगळे विसरतात, आणि नेमकी तीच लागते. बाणाच्या मागे शेत दिसतंय की मार्केटची भिंत, हे पुढे कोणी शोधायला निघालं तर सुरुवात तिथूनच करावी लागेल.