निरोप कुणाच्या दप्तरी?

संगणक येण्याआधी कचेरीतला निरोप शिपाई न्यायचा. हातात चिठ्ठी, काखेत आवक-जावक वही. निरोप पोचला याचा पुरावा म्हणजे वहीतली सही. सुरतहून नंदुरबारमार्गे जळगावला जाणाऱ्या तापी खोऱ्यातल्या रेल्वेमार्गावर स्टेशनमास्तर गाडीची खबर रेल्वेच्या स्वतःच्या तारांवरून देत. पोलिसांचं वायरलेस वेगळं. तिथेही निरोप आला की आधी नोंद. संगणकावरचे निरोप आमच्याकडे आले, तेव्हा त्यांच्यासाठी केबल ओढणाऱ्यांत मी होतो. निरोपाचा वेग सगळ्यांनी पाहिला. नोंदीचं काय झालं, इकडे फारसं कुणाचं लक्ष नव्हतं.

राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं (एनआयसी) उपग्रहावर चालणारं निकनेट हे जाळं १९८०च्या दशकाअखेर जिल्हा मुख्यालयांपर्यंत पोचलं, तेव्हा आमचं मुख्यालय धुळे. १ जुलै १९९८ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. त्या सुमारास कचेऱ्यांत विंडोजची मशिनं येऊ लागली होती आणि विंडोज एनटीत 'नेट सेंड' ही आज्ञा होती. समोरच्या मशीनचं नाव आणि मजकूर टाइप केला, की त्याच्या पडद्यावर चौकट उघडे. 'ओके' दाबलं की मजकूर पडद्यावरून गेला. पुढे इंटरनेटला जोडलेल्या मशिनांवर याच वाटेने जाहिराती घुसू लागल्या. २००४मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून ही सेवा आपसूक बंद ठेवली.

तिची जागा 'आयपी मेसेंजर'ने घेतली. जपानच्या हिरोआकी शिरोउझू यांनी १९९६मध्ये केलेला हा छोटा प्रोग्राम फुकट होता आणि त्याला सर्व्हर लागत नसे. सुरू झाला, की तो २४२५ क्रमांकाच्या पोर्टवरून सगळ्या नेटवर्कला 'मी आलो' असं कळवी आणि यादीत नावं दिसू लागत. शहादा तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात मी तो टाकला, तेव्हा वजनकाट्यावरच्या कारकुनाला सर्वांत जास्त आनंद झाला. ट्रॅक्टरांच्या आवाजात त्याला फोन ऐकू येत नसे. 'गव्हाण (ऊस आत नेणारा पट्टा) थांबली, गाड्या सोडू नका' हा निरोप तो रोमन अक्षरांतल्या मराठीत वाचू लागला. निरोप सीलबंद पाठवला, तर उघडल्याबरोबर पाठवणाऱ्याला कळे. वहीतल्या सहीची गरज त्याने भागवली. इंटरनेट असो वा नसो, कुंपणाच्या आत हे चालत राही.

अडचण कुंपणाबाहेर होती. 'मी आलो' ही हाक राउटर ओलांडत नसे. कारखान्याच्या शेतकी विभागाची गट कार्यालयं तर गावोगाव. शिवाय भारनियमन! समोरचं मशीन बंद असेल, तर निरोप पोचतच नसे. यावर उपाय होता मधोमध बसणारा सर्व्हर. जेरेमी मिलर यांनी १९९९मध्ये जाहीर केलेल्या 'जॅबर'मधून एक्सएमपीपी हे प्रमाण तयार झालं आणि त्यावर चालणारं 'ओपनफायर' फुकट मिळे. जुन्या मशीनवर ते बसवायचं, ब्राउझरमधून ९०९० पोर्टवर जाऊन एकेका विभागाची खाती उघडायची, प्रत्येक मशीनवर 'स्पार्क' हा त्याच्या जोडीचा प्रोग्राम टाकायचा आणि फायरवॉलमध्ये ५२२२ पोर्ट मोकळं करायचं. गट कार्यालयात वीज नसली, तर निरोप सर्व्हरवर थांबे आणि मशीन सुरू होताच पोचे. प्लगइन टाकलं, की संभाषणांचा साठाही राही. कुणी, कुणाला, किती वाजता कळवलं हे पुन्हा संस्थेच्या दप्तरी जमा होऊ लागलं.

मग स्मार्टफोन आले. २०१०च्या दशकात कचेरीचा निरोप व्हॉट्सअॅपवर गेला. धडगावच्या डोंगरात रेंज मिळेल तिथे उभं राहून तो वाचता येतो, ही मोठी सोय झाली. पण गट कुणाच्या तरी खासगी क्रमांकावर चालतो. माणूस निवृत्त झाला किंवा फोन बदलला, की बोलणं त्याच्याबरोबर जातं. एनआयसीने सरकारी कामासाठी 'संदेस' काढलं, त्यात निरोप सरकारच्याच सर्व्हरवर राहतात. लहान पतपेढी किंवा कारखान्यालाही स्वतःचा सर्व्हर परवडतो. ओपनफायर अजून फुकट आहे. खर्च आहे तो बॅकअप घेणाऱ्या माणसाचा, आणि संचालक मंडळासमोर मी आधी त्याच्याच पगाराचा विषय काढतो.